ऐकू येतं, मग ऐकत का नाही?

वाचकांचे प्रश्न, ऑडिओलॉजिस्टची उत्तरं

मागच्या वेळी कानाच्या तपासणीविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: रिपोर्ट नॉर्मल आहे, त्रास मात्र तसाच आहे. कुणाला आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, कुणाला साधे आवाज सोसत नाहीत, तर कुणाचा एखाद्याच आवाजाने जीव नकोसा होतो. मी तेवीस वर्षं हे काम करते आहे. ही माणसं माझ्याकडे येतात तेव्हा दोन-तीन ठिकाणी ‘तुमच्या कानात काहीच नाही’ हे ऐकून, थोडी ओशाळूनच आलेली असतात. म्हणून या वेळी जागा त्यांच्यासाठी. पत्रं थोडक्यात आणि नावं वगळून देते आहे.

*मुलगा नऊ वर्षांचा आहे. हाक मारली की तीनदा ‘काय?’ विचारतो. शाळेतून तक्रार येते की सूचना अर्धीच ऐकतो. ‘एकोणसाठ’ सांगितलं तर ‘एकोणसत्तर’ लिहून ठेवतो. कान दोनदा तपासले, दोन्ही वेळा नॉर्मल. त्याचे बाबा म्हणतात मुद्दाम करतो. एक नातेवाईक म्हणतात एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार) असेल. आम्ही नक्की काय तपासायचं? — एक आई*

ताई, ‘मुद्दाम करतो’ हे आधी बाजूला ठेवू. मूल एखाद्या दिवशी मुद्दाम कानाडोळा करेल. पण रोज स्वतःचे गुण घालवून, वर्गात हसं करून घेऊन कुणी असं नाटक वर्षभर चालवत नाही.

तुमच्याकडे आहे तो ऑडिओग्राम. तो करताना मुलाला बंद, शांत खोलीत बसवतात, कानात बारीक ‘टूं’ सोडतात आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगतात. किती हळू आवाज कानापर्यंत पोचतो, एवढंच त्यातून कळतं. पुढचा प्रवास त्यात दिसत नाही. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायचा, कुठलं अक्षर आधी आलं आणि कुठलं नंतर हे पकडायचं, दोन कानांतून आलेलं एकत्र जुळवायचं, ही कामं कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर आणि मेंदूत होतात. यालाच श्रवण-प्रक्रिया म्हणतात, आणि ती अडखळली की श्रवण-प्रक्रियेचा दोष. वर्गात ‘टूं’ नसतो. तिथे पंखा असतो, सरकणारे बाक असतात, शेजारच्या वर्गात म्हटलं जाणारं काहीतरी असतं आणि फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाई असतात.

‘एकोणसाठ’चं उदाहरण तुम्ही दिलंत ते फार बोलकं आहे. दोन्ही आकड्यांचा पुढचा भाग सारखाच, फरक शेवटी, क्षणभरापुरता. त्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं अशक्त. गोंगाट आधी व्यंजनं खातो. शब्दाचा अर्थ तर बराचसा व्यंजनांवरच उभा असतो. ज्याची श्रवण-प्रक्रिया पक्की आहे तो ही भोकं अंदाजाने पटकन बुजवतो. तुमच्या मुलाला ती बुजवायला वेळ लागत असेल, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जात असेल. ‘काय?’ हा बहुधा त्याने मिळवलेला वेळ आहे.

हे कसं शोधायचं याची वाट १९५४ साली इटलीत सापडली. एत्तोरे बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेल्या रुग्णांना तपासलं. साधा ‘टूं’ त्यांना नीट ऐकू येई, स्वच्छ बोललेले शब्दही कळत. पण शब्दांतला उंच पट्टीचा आवाज गाळून तेच शब्द ऐकवले की गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान अडखळे. म्हणजे सोपी परीक्षा अडचण झाकते, अवघड केली की ती उघडी पडते. आजच्या बहुतेक चाचण्या याच कल्पनेवर बेतल्या आहेत.

तुमच्या मुलाला माझ्यासमोर काय करावं लागेल ते सांगते, म्हणजे तुम्ही त्याला आधी समजावू शकाल. हेडफोन लावतो. उजव्या कानात ‘पाच’ आणि अगदी त्याच क्षणी डाव्या कानात ‘आठ’. दोन्ही सांगायचे. मग एकेका कानात दोन-दोन आकडे. पुष्कळ मुलांचा उजवा कान इथे थोडा पुढे असतो, कारण बोलणं समजण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं आणि उजव्या कानाची वाट तिकडे सरळ जाते. वयाप्रमाणे हा फरक कमी होत जातो. नवव्या वर्षी डावा कान फारच मागे पडत असेल तर मी थांबते आणि नोंद करते.

दुसऱ्या चाचणीत सलग ‘श्श्श’ असा आवाज येतो. त्यात मधेच काही हजारांश सेकंदांची फट असते. फट जाणवली की बटण. तिसरीत तीन सूर एकामागून एक येतात, बारीक-जाड-बारीक किंवा जाड-जाड-बारीक असे. आधी ते शब्दांत सांगायचे, नंतर गुणगुणून दाखवायचे. ही चाचणी मला फार आवडते. काही मुलं शब्दांत सपशेल चुकतात आणि गुणगुणून मात्र अचूक सांगतात. अशा वेळी सूर ओळखला गेलेला असतो, त्याला शब्द देण्याच्या वाटेवर, मेंदूच्या दोन भागांतल्या देवाणघेवाणीत काहीतरी अडतं. शेवटी गोंगाटातले शब्द आणि वाक्यं. सगळं मिळून दीड तासाच्या आसपास, मधे दोन सुट्ट्या घेऊन. मी ही तपासणी सकाळीच करते. शाळेतून दमून आलेल्या मुलाला तपासलं तर आपण त्याचा थकवा मोजतो.

भेटीआधी तीन गोष्टी पाहून घ्या. मूल सात वर्षांचं झालेलं असावं, त्याआधी एकाच वयाच्या मुलांत इतका फरक असतो की निष्कर्ष काढता येत नाही. तुमचा मुलगा त्यात बसतो. शब्दांची चाचणी त्याच्या घरच्या भाषेत असावी, नाहीतर शब्दसंग्रहाचीच परीक्षा होते. आणि एका चाचणीवर कुणी निदान देत असेल तर ते घेऊ नका. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनांच्या मार्गदर्शनात निदान किमान दोन चाचण्यांवर होतं, आणि तेही निकाल वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण-विचलनांनी, म्हणजे बराच, खाली असल्यावर.

आता एडीएचडी. इथे मला तुमच्याशी सरळ बोललं पाहिजे. श्रवण-प्रक्रियेचा दोष हा स्वतंत्र विकार मानावा की नाही, यावर आमच्या क्षेत्रात खरा मतभेद आहे. २०१० साली ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर यांच्या गटाने सुमारे दीड हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध कानाच्या बारीकसारीक चाचण्यांपेक्षा लक्ष आणि स्मरणशक्तीशी जास्त दिसला. मी हा अभ्यास गंभीरपणे घेते. पण त्यावरून ‘म्हणजे त्रास खरा नाही’ असा अर्थ काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. मुलाला वर्गात कळत नाही हे तर सगळ्यांनाच मान्य आहे, वाद कारणाचा आहे. म्हणूनच मी एकटी निदान देत नाही. मानसशास्त्रज्ञांकडून लक्ष आणि स्मरणशक्ती, स्पीच थेरपिस्टकडून भाषा, हे तपासून घेते आणि मग तिघं बसून बोलतो.

घरी एक पाहा. लक्षाचा प्रश्न असेल तर तो शांततेतही दिसतो, वाचताना दिसतो, चित्रं रंगवतानाही दिसतो. ऐकण्याचा प्रश्न बहुधा गोंगाटात, भरभर बोलल्यावर आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नसताना वर येतो. दोन्ही एकत्र असू शकतात, हेही खरं.

आणखी एक विचारून घ्या: कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का हे टिम्पॅनोमेट्रीने पाहिलं होतं का? कानाच्या नसेची बेरा तपासणी झाली होती का? काही मुलांत ‘टूं’ ऐकू येतो, पण नस आवाजाचा नेमका वेळ पुढे पोचवत नाही. तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. लहानपणी कान वारंवार फुटत असेल तर तेही न विसरता सांगा.

उपायांसाठी निदानाची वाट पाहू नका. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून अंतर कमी करणं हाच पहिला उपाय. शाळेला बाक पुढे द्यायला सांगा, पण दाराजवळचा किंवा पंख्याखालचा नको. हाक मारायच्या आधी त्याच्याजवळ जा, त्याने तुमच्याकडे पाहिलं की बोला. एका वेळी एकच सूचना. त्याने ‘काय?’ म्हटलं तर तेच वाक्य ओरडून न सांगता वेगळ्या शब्दांत सांगा.

निदान झालं तर शिक्षकांच्या कॉलरला लावायचा छोटा माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर, हे साधन वर्गात उपयोगी पडतं. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्या तरी आवाज हातभर अंतरावरून आल्यासारखा येतो. सरावाचे कार्यक्रमही आहेत, पण ते दोषाला जुळणारे हवेत. डावा कान मागे असेल तर त्याला मोठा आवाज देऊन, उजव्याचा आधी खूप हळू ठेवून, मग तो पायरीपायरीने वाढवत नेण्याचा सराव करतात. ‘मेंदूला चालना देणारे’ म्हणून विकले जाणारे सरसकट खेळ मी कुणालाच सुचवत नाही.

आणि त्याच्या बाबांना तपासणीच्या खोलीत माझ्याशेजारी बसवा. त्यांनाही हेडफोन लावून दोन्ही कानांतले आकडे सांगायला लावते. त्यानंतर ‘मुद्दाम’ हा शब्द मी फार कमी बाबांकडून ऐकला आहे.

*चार महिन्यांपूर्वी अगदी जवळ ट्रकचं टायर फुटलं. तेव्हापासून भांडं पडलं, मूल किंचाळलं, दार आपटलं की कानात सुई टोचते. ऐकण्याची तपासणी ठीक आली. आता सकाळी उठल्यापासून इअरप्लग घालूनच वावरतो. तरी त्रास कमी होण्याऐवजी वाढतोच आहे. — वय ४६*

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण याच ठिकाणी मी स्वतः एकदा चुकले आहे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला होता. मोठे आवाज सोसत नाहीत, ही तक्रार. मी त्याला कानावर बसणारे जाड मफ दिले आणि सांगितलं, ‘लागेल तेव्हा घाल.’ किती वेळ, कुठे, कधी काढायचे, काहीच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी तो मफ घालूनच आत आला. आई म्हणाली, झोपतानाही काढत नाही. समोर बसून मी केसपेपर उलटला, त्या कागदाच्या आवाजाने त्याने डोळे मिटून घेतले. ते मिटलेले डोळे मी विसरलेले नाही. त्याला परत वळवायला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

कारण असं: आवाज कमी पोचायला लागला की मेंदू स्वतःचा आवाज वाढवून घेतो, रेडिओचं बटण फिरवावं तसा. कान झाकलेला राहिला की बटण चढलेलं राहतं. मग इअरप्लग काढल्यावर जग आधीपेक्षा मोठ्याने अंगावर येतं, आपण घाबरून ते पुन्हा घालतो आणि चक्र सुरू होतं. २००३ साली अमेरिकेत क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांवर हे पाहिलं. दोन आठवडे इअरप्लग घातल्यावर त्यांची सहनशक्ती घटली. कानात सतत मंद आवाज सोडणारं यंत्र लावल्यावर ती वाढली.

तुमच्या त्रासाला बहुधा हायपरॲक्युसिस म्हणतील. पण आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटून काही गोष्टी वगळून घ्या. मोठ्या आवाजाने गरगरतं का? स्वतःच्या पावलांचा किंवा डोळे फिरवल्याचा आवाज कानात ऐकू येतो का? १९९८ साली लॉइड मायनर यांनी वर्णन केलेला एक आजार आहे, ज्यात कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळीवरच्या हाडाला फट पडलेली असते आणि आवाजाने चक्कर येते. चेहऱ्याची एक बाजू कमजोर झाली असेल तर तेही सांगा, कारण चेहऱ्याची नसच कानातल्या त्या चिमुकल्या स्नायूला चालवते जो मोठ्या आवाजात ताणला जाऊन कानाला आधार देतो. अर्धशिशी, डोक्याला मार, चालू असलेली औषधं, सगळं सांगा. आणि कधी एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, थांबू नका.

आमच्याकडे तपासताना आवाज पायरीपायरीने वाढवत नेतो आणि ‘आता नको’ म्हणून तुम्ही हात वर केलात की तिथे थांबतो. साधारण माणूस शंभर डेसिबलच्या आसपास हात वर करतो, हायपरॲक्युसिस असलेली माणसं सत्तर-ऐंशीलाही करतात. एक सूचना: कानाच्या रिफ्लेक्सची तपासणी मोठ्या आवाजावर होते. ‘मला आवाज सोसत नाही, ही चाचणी आत्ता टाळता येईल का?’ असं आधीच विचारा. एमआरआयच्या आवाजाचीही कल्पना आधी द्या आणि कानाला संरक्षण मागा.

इअरप्लग एका दिवसात फेकू नका. शांत खोलीत दिवसातून दहा मिनिटं काढून बसा, सोबत पंख्याचा किंवा पावसाच्या आवाजाचा मंद आधार ठेवा, त्रास होईल त्याच्या बऱ्याच खाली. आठवड्याला थोडा वेळ वाढवा. ड्रिल मशीन, कानठळ्या बसवणारे स्पीकर अशा ठिकाणी मात्र ते घालाच, तिथे सगळ्यांनीच घालावेत. जोडीला मानसोपचारतज्ज्ञांकडून सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा बोलण्यातला उपचार, घ्या. तुमचा आजार मनाचा आहे असं मी म्हणत नाही. पण पुढचा आवाज कधी येईल या धास्तीने अंग सतत ताठ राहतं आणि त्या ताठरपणाने दुखणं वाढतं.

सुई टोचल्यासारखी वेदना असेल तर सगळं याहून सावकाश करायचं. ‘सवय होईल’ म्हणून घरच्यांनी तुम्हाला गोंगाटात बसवलं तर माझ्या वतीने ठामपणे नाही म्हणा. काही महिने, कधी वर्षही लागतं.

*बाबांच्या चावण्याच्या आणि नाक ओढण्याच्या आवाजाने माझ्या अंगात आग पेटते. मी ताट उचलून खोलीत जाते आणि नंतर रडते. फटाके, हॉर्न यांचा मला काही त्रास नाही. त्यांच्यावर माझा जीव आहे. मी वाईट मुलगी आहे का? — वय २६*

नाही. याला मिसोफोनिया म्हणतात. २००१ साली पावेल आणि मार्गारेट जास्ट्रेबॉफ या दांपत्याने हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘मिसोस’ म्हणजे द्वेष आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. द्वेष आवाजाचा असतो, माणसाचा नव्हे, हे तुम्ही मनात पक्कं करा. आवाज किती मोठा आहे याचा इथे फारसा संबंध नसतो, म्हणून तुमचे हॉर्न आणि फटाके सुटतात. सुरुवात बहुतेकदा शाळेच्या वयात होते आणि निशाण्यावर असतं सगळ्यात जवळचं माणूस.

२०१७ साली न्यूकॅसलमधल्या सुखबिंदर कुमार यांच्या गटाने अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले. त्रासाचा आवाज आला की आतल्या जाणिवांना महत्त्व देणारा एक भाग कमालीचा पेटून उठतो, घाम आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. २०२१ मध्ये याच गटाला दिसलं की आवाज ऐकणाऱ्या भागाचं तोंडाच्या हालचाली चालवणाऱ्या भागाशी नातं अशा लोकांत जास्त घट्ट आहे. बाबा चावतात तेव्हा तुमचा मेंदू त्यात ओढला जातो, असं समजा. तुम्ही ते ठरवून करत नाही.

रक्ताची किंवा कानाची अशी चाचणी नाही. निदान बोलून, प्रश्नावली भरून होतं. मानसिक आजारांच्या प्रचलित अमेरिकी यादीत, डीएसएममध्ये, याला स्वतंत्र जागा नाही, त्यामुळे काही डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसेल. २०२२ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवलेली व्याख्या प्रसिद्ध झाली आहे, ती छापून सोबत न्या. उपचारांत सीबीटीचा पुरावा सगळ्यात बरा. ॲमस्टरडॅममध्ये ५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांच्या गट-उपचारानंतर एक तृतीयांशाहून थोड्या जास्त लोकांत ठळक सुधारणा झाली, नुसती वाट पाहणाऱ्यांत कुणालाच नाही. म्हणजे जादू नाही, पण हातात काहीतरी आहे. कुणी ‘तोच आवाज रोज तासभर ऐक, सवय होईल’ म्हणालं तर ते करू नका, त्याने पुष्कळांचा राग वाढतो.

बाबांशी बोला, पण जेवताना नाही. दुपारी, दोघंही निवांत असताना. ‘तुम्ही असं का खाता’ अशी सुरुवात करू नका. ‘बाबा, माझ्या मेंदूत एक गडबड आहे, मला मदत कराल?’ असं म्हणा. जेवताना मागे हळू संगीत लावा, समोर न बसता त्यांच्या शेजारी बसा. एका कानात बारीक आवाजाचा इअरफोनही तेवढ्यापुरता चालेल. त्या रागात स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांची भेट आजच ठरवा.

*काही सूर गाळलेलं संगीत हेडफोनवर दहा दिवस ऐकवून श्रवण-प्रक्रिया दोष, ऑटिझम आणि अभ्यासातली अडचण तिन्ही बरं करण्याची हमी एका केंद्राने दिली आहे. पैसे भरू का?*

नको. या प्रकारच्या उपचाराला शास्त्रीय कसोटीवर आधार नाही, असं अमेरिकेतल्या वाक्-श्रवण संघटनेने २००४ सालीच स्पष्ट केलं आहे. तीन वेगळ्या गोष्टींवर एकच औषध आणि वर हमी, एवढ्यावरूनच उठून यायला हरकत नाही.

*मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. हेअर ड्रायर, हँड ड्रायर चालू झाला की कान दाबून पळतो. हेडफोन द्यावेत का? — एक पालक*

द्यावेत, पण त्या जागेपुरते. तिथून बाहेर पडलं की काढायचे, वर लिहिलेल्या कारणासाठी. आवाज येण्याआधी त्याला सांगा, बोटं मोजून दाखवा. शक्य असेल तिथे बटण त्याच्याच हातात द्या: आधी ड्रायर दूरच्या खोलीत, दार बंद, तोच चालू करणार आणि तोच बंद करणार. आवाज आपल्या ताब्यात आहे हे कळलं की मुलं कितीतरी जास्त सोसतात. आणि कान दाबतो म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं असं धरू नका. कमी ऐकू येणाऱ्या मुलांनाही मोठे आवाज खुपतात. ऐकण्याची तपासणी करून घ्याच.

*माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत. शाळेकडे साधनं नाहीत. मी काय करू शकते? — एक शिक्षिका*

बाई, रिकाम्या वर्गात उभ्या राहून एकच टाळी वाजवा. आवाज लगेच विझला तर ठीक. घुमत राहिला तर तुमचा प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर सांडतो आहे. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे साध्या आकाराच्या रिकाम्या वर्गात घुमणं ०.६ सेकंदांच्या आत विझावं आणि मागचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. ते गाठणं अवघड आहे, पण जाड पडदे, मागच्या भिंतीवर कापडी फलक आणि बाकांच्या पायांना रबर एवढ्याने फरक कानाला कळेल इतका पडतो. फळ्यावर लिहून झाल्यावर वळा, मग बोला. आवाज चढवू नका. ओरडलं की स्वर फुगतात आणि व्यंजनं त्याखाली जातात. हळू, तुटक नव्हे, वाक्यावाक्यात थांबत बोला. गृहपाठ तोंडी सांगून सोडू नका, लिहा.

*आजोबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही.*

आधी साधा ऑडिओग्राम. या वयात उंच पट्टीच्या आवाजांचं ऐकणं कमी होतं आणि त्याबरोबर नेमकी व्यंजनंच जातात, म्हणून ‘येतो पण कळत नाही’. त्याचबरोबर मेंदूचा वेगही मंदावतो. यंत्र दोन्ही कानांना लावून पाहा, नीट बसवून घ्या, काही आठवडे द्या. काहींना मात्र दोन्ही यंत्रांपेक्षा एकानेच जास्त कळतं. ते तसं सांगत असतील तर ऐका, हट्ट करू नका.

*मी तेरा वर्षांची आहे. मला श्रवण-प्रक्रियेचा दोष आहे असं सांगितलंय. मैत्रिणी विनोद सांगतात, तेव्हा मी सगळ्यात शेवटी हसते, कधी न कळताच हसते. त्या मला मंद म्हणतात. खरंच मी तशी आहे का?*

तुझं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण मला त्यावर सावकाश लिहायचं होतं.

तू मंद नाहीस. एका विनोदासाठी तुझ्या मैत्रिणी जेवढं काम करतात त्याच्या दुप्पट तू करतेस. गोंगाटातून शब्द शोधतेस, गाळलेले भरतेस, आणि मग अर्थ लावतेस. म्हणूनच शाळेतून आल्यावर तू खूप दमतेस, बरोबर ना? घरी आल्यावर अर्धा तास कुणी काही बोलू नये असं आईला सांग. तो आळस नाही.

न कळता हसू नकोस. त्याने तुलाच एकटं वाटतं. आणि नुसतं ‘काय?’ म्हणू नकोस, कारण मग त्या सगळं पुन्हा, जोरात आणि वैतागून सांगतात. जेवढं कळलं तेवढं सांग आणि राहिलेलं विचार: ‘ती दुकानात गेली, मग काय म्हणाली?’ समोरच्याला कळतं की तू ऐकत होतीस, एकच शब्द सुटला. मधल्या सुट्टीत गोल करून बसता तेव्हा भिंतीला पाठ लागेल अशी जागा धर, म्हणजे मागून आवाज कमी येतील आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील. मैत्रिणींपैकी एकीला, जिच्यावर तुझा जास्त विश्वास आहे तिला, हे पत्र वाचायला दे. पुढच्या वेळी विनोद सुटला तर तिच्याकडे बघ, ती तुला तो हळूच परत सांगेल. तिला आधी विचारून मात्र ठेव.